सीमॅपटूल्स आणि लॅबमधला शेअर्ड फोल्डर: संकल्पना नकाशे सगळ्यांनी मिळून वापरायचे तर

मराठवाड्यातल्या बऱ्याच शाळा-महाविद्यालयांत दहा-वीस मशीनची लॅब असते, एक स्विच (मशीन केबलने एकमेकांना जोडणारी पेटी) असतो, आणि इंटरनेट पावसाळ्यात किंवा लाइट गेल्यावर भरवशाचं राहत नाही. अशा लॅबमध्ये संकल्पना नकाशे, म्हणजे चौकटीतल्या संकल्पना रेषांनी जोडून काढलेली चित्रं, एकमेकांपर्यंत पोचवायचे तीन मार्ग आहेत: एका मशीनवरचा शेअर्ड फोल्डर, सीमॅपचा स्वतःचा सर्व्हर आणि सीमॅप क्लाउड (इंटरनेटवरची साठवण). तिन्हींच्या मुळाशी असे नकाशे काढायचा प्रोग्रॅम एकच, सीमॅपटूल्स. मत आधीच सांगून टाकतो. अशा लॅबला शेअर्ड फोल्डरच सगळ्यात जास्त कामाला येतो, पण दोन गोष्टी पाळल्या तरच. एका नकाशावर एका वेळी एकाच गटाचा हात असावा, आणि वाचायचा फोल्डर व लिहायचा फोल्डर वेगळे असावेत. या दोन्ही सोडल्या तर महिनाभरात कोणाचा नकाशा खरा हेच कळत नाही.

आधी प्रोग्रॅमबद्दल. सीमॅपटूल्स हे अमेरिकेत फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथल्या आयएचएमसी संस्थेचं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, पैसे लागत नाहीत. संकल्पना नकाशाची पद्धत त्याहून जुनी आहे. जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात, मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांच्या अध्ययन-विचारावर उभी केली. हे इथे सांगायचं कारण असं की आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ म्हणून जो प्रश्न येतो, मधे एक चौकट आणि भोवती चार रिकाम्या चौकटी, तो म्हणजे नोव्हाकचा नकाशा नव्हे. तिथे रेषेवर शब्द नसतो. नोव्हाकच्या नकाशात दोन संकल्पनांमधल्या रेषेवर जोडशब्द असावाच लागतो, आणि संकल्पना, जोडशब्द, संकल्पना असं वाचलं की पूर्ण विधान व्हावं लागतं. विद्यार्थ्याला विषय किती कळला ते त्या जोडशब्दावरून दिसतं. सीमॅपटूल्स बाकीच्या चित्र काढायच्या प्रोग्रॅमपेक्षा इथेच सरस ठरतं: एका संकल्पनेवरचा बाण ओढला की रेष आणि जोडशब्दाची जागा आपोआप तयार होते, ती रिकामी राहिली तर डोळ्यांत खुपते. शिवाय नकाशातली सगळी विधानं मजकूर म्हणून वेगळी बाहेर काढता येतात. तीस नकाशे तपासायचे असतील तर चित्रं बघण्यापेक्षा ती यादी वाचणं कितीतरी सोपं जातं.

मराठीत काम करताना एक अडचण येते, ती इंग्रजीत येत नाही. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं आणि विभक्ती नामाला चिकटते. समजा लातूरच्या पाणीटंचाईचा नकाशा करायचा आहे. विद्यार्थी पहिल्यांदा चौकटीत लिहितात ‘मांजरा धरणातून’, पुढच्या चौकटीत ‘लातूरला’, आणि रेषेवर ‘पाणी येते’. वाक्य म्हणून ठीक. पण त्याच नकाशात धरण कोरडं पडल्याचं सांगायचं तर ‘मांजरा धरण’ अशी दुसरी चौकट काढावी लागते. एकाच संकल्पनेच्या दोन चौकटी झाल्या की नकाशा नकाशा राहत नाही, वाक्यांची माळ होते. म्हणून नियम असा ठेवावा की चौकटीत नाम मूळ रूपात आणि विभक्तीचं काम जोडशब्दाकडे. ‘अपुरा पाऊस’, मग ‘यामुळे घटतो’, मग ‘मांजरा धरणाचा साठा’. ‘ऊस’, ‘याला सर्वांत जास्त लागते’, ‘सिंचनाचे पाणी’. ‘पाणीटंचाई २०१६’, ‘यासाठी मिरजेहून आली’, ‘जलदूत रेल्वे’. जरा अडखळत वाचलं जातं, पण ‘ऊस’ ही चौकट एकच राहते आणि तिला सहा रेषा जोडता येतात. नकाशे एकत्र ठेवायचे असतील तर हा नियम आणखीच महत्त्वाचा. एका गटाने ‘विंधन विहीर’ लिहिलं, दुसऱ्याने ‘बोअर’, तिसऱ्याने ‘बोअरमुळे’, तर शोध घेताना तिन्ही एकत्र सापडत नाहीत. काम सुरू करण्याआधी पंधरा-वीस ठरलेल्या शब्दांची यादी फोल्डरमध्ये ठेवावी. वेळ दहा मिनिटांचा जातो, पण पुढे नकाशे जुळवताना दिवस वाचतो.

फॉन्टचं प्रकरणही आधीच मिटवावं. मजकूर युनिकोडमध्येच (सगळ्या मशीनवर सारखी वाचली जाणारी अक्षर-पद्धत) हवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे निव्वळ अगम्य अक्षरं दाखवतो, आणि जुन्या डीटीपी मशीनवरून आणलेल्या मजकुरात हे हमखास घडतं. विंडोजवर मंगल किंवा निर्मला यूआय यांपैकी एक ठरवून सगळ्यांनी तोच लावावा. लिनक्सची मशीन असतील तर नोटो किंवा लोहित देवनागरी बसवलेला आहे ना ते बघावं, नाहीतर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. फॉन्ट बदलला की चौकटींची रुंदी बदलते आणि नीट मांडलेल्या रेषा एकमेकींवर चढतात. नकाशा ‘बिघडला’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा कारण एवढंच असतं.

आता फोल्डर. लॅबमधलं सगळ्यात धडधाकट मशीन यजमान करावं, म्हणजे फोल्डर त्यावर ठेवावा. विंडोज १० किंवा ११ च्या साध्या मशीनला एका वेळी २० पर्यंतच जोडण्या घेता येतात, हे आधी मोजावं. चोवीस मशीनच्या लॅबमध्ये शेवटच्या तीन-चार मुलांना फोल्डर उघडत नाही, आणि दोष केबलला दिला जातो. वीसच्या वर मशीन असतील तर छोटा नॅस (नेटवर्कला थेट जोडायची डिस्क) घ्यावा किंवा जुन्या मशीनवर लिनक्स टाकून सांबा (लिनक्सवरून फोल्डर शेअर करायचा प्रोग्रॅम) चालवावा.

यजमान मशीनच्या डी ड्राइव्हवर ‘नकाशे’ नावाचा एक फोल्डर आणि त्यात तीन पोटफोल्डर: ‘तयार’, ‘काम’ आणि ‘जमा’. ‘तयार’मध्ये शिक्षकांनी तपासलेले नकाशे, विद्यार्थ्यांना फक्त वाचायला. ‘काम’मध्ये प्रत्येक गटाचा स्वतंत्र फोल्डर, तिथे बदल करायची मुभा. ‘जमा’मध्ये पूर्ण झालेलं काम टाकायचं. यजमान मशीनवर दोन स्थानिक खाती काढावीत, एक शिक्षकांचं, एक विद्यार्थ्यांचं, दोन्हींना पासवर्ड. मग ‘नकाशे’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स.

इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा थांबून सांगतो. विंडोजमध्ये परवानग्यांचे दोन थर असतात. एक शेअरिंगचा, दुसरा सिक्युरिटी टॅबमधला. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतला जो कडक असेल तो लागू पडतो. शेअरिंगमध्ये विद्यार्थ्यांना नुसतं ‘रीड’ राहिलं तर सिक्युरिटीत काहीही दिलं तरी ‘काम’मध्ये सेव्ह होत नाही. आणि घाईने दोन्हीकडे ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ दिलं तर ‘तयार’ फोल्डर पहिल्याच आठवड्यात विस्कटतो. सोपी पद्धत अशी की शेअरिंगच्या थरावर दोन्ही खात्यांना ‘चेंज’ द्यावं आणि खरा फरक सिक्युरिटीत करावा: विद्यार्थ्यांच्या खात्याला ‘तयार’वर फक्त वाचन, ‘काम’ आणि ‘जमा’वर ‘मॉडिफाय’. सिक्युरिटीत वरच्या फोल्डरवरून आलेली ‘यूजर्स’ किंवा ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ची नोंद असते. तीच विद्यार्थ्यांना मागच्या दाराने लिहू देते. इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप खाली येणं) बंद करून ती काढल्याशिवाय ‘तयार’ खऱ्या अर्थाने बंद होत नाही.

बाकीच्या मशीनवर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करून एकच अक्षर ठरवावं, सगळीकडे झेड म्हणजे झेडच. पत्ता देताना आयपी (नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता) देऊ नये, मशीनचं नाव द्यावं. राउटर बंद होऊन सुरू झाला की आयपी बदलू शकतो आणि सगळ्या मशीनवर लाल फुली दिसते. नावाने सापडत नसेल तर राउटरमध्ये यजमान मशीनचा आयपी कायमचा राखून ठेवावा. फोल्डर दिसतच नसेल तर नेटवर्क ‘पब्लिक’वर आहे का ते पाहावं, ते ‘प्रायव्हेट’ करावं आणि फाइल शेअरिंग चालू करावं. लॅपटॉप वायफायवरून जोडले असतील तर राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर नाहीत ना ते बघावं, कारण गेस्टवरची उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

एक त्रुटी फार डोकं खाते. शिक्षक विद्यार्थ्याच्या मशीनवर बसून स्वतःच्या खात्याने फोल्डर उघडायला जातात आणि विंडोज सांगतं की एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही. मशीन खराब नसतं. विद्यार्थ्यांच्या नावाची जोडणी आधीच चालू असते. झेड ड्राइव्ह डिसकनेक्ट करावी, क्रेडेन्शियल मॅनेजरमधलं साठवलेलं नाव काढावं, मग जोडावं. काम झाल्यावर शिक्षकांनी आपली जोडणी तोडायला विसरू नये. नाहीतर त्या मशीनवर पुढे बसणाऱ्या मुलाच्या हाती ‘तयार’ फोल्डरच्या किल्ल्या राहतात. नवीन घेतलेल्या विंडोज ११ प्रोच्या मशीनवर जुना नॅस किंवा राउटरला लावलेली पेन ड्राइव्ह उघडत नसेल तर २४एच२ आवृत्तीतला बदल आठवावा: आता विनापासवर्ड पाहुणा-प्रवेश बंद असतो आणि जोडणीला डिजिटल सही (समोरचं मशीन खरं असल्याची खातरजमा) सक्तीची असते. सुरक्षा सैल करण्यापेक्षा नॅसवर खातं काढून पासवर्ड लावावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साध्या शेअर्ड फोल्डरला नकाशा म्हणजे एक फाइल, त्यापलीकडे काही नाही. दोन मुलांनी एकच नकाशा उघडला, दोघांनी बदल केले, दोघांनी सेव्ह केलं, तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचा राहतो आणि दुसऱ्याची तासाभराची मेहनत जाते, तीही कुठलाच इशारा न मिळता. म्हणून नेटवर्कवरच्या फाइलवर थेट काम करू देऊ नये. गटाने आपला फोल्डर झेडवरून स्वतःच्या मशीनच्या ‘माय सीमॅप्स’मध्ये (सीमॅपटूल्सचा त्या मशीनवरचा नकाशांचा फोल्डर) आणावा, तिथे काम करावं, आणि तास संपायच्या दहा मिनिटं आधी नवीन नावाने परत ‘काम’मध्ये ठेवावा. नावात विषय, गट आणि आवृत्ती असावी: ‘पाणी_ग३_आ२’. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरंच अंतिम’ अशी नावं मुलांना सुचतातच. ती पहिल्या दिवशीच बंद करावीत. यजमान मशीनची लाइट मधेच गेली तरी प्रत्येकाचं काम आपापल्या मशीनवर शाबूत राहतं, हा या पद्धतीचा आणखी एक फायदा. काही ठिकाणी ‘माय सीमॅप्स’च नेटवर्क ड्राइव्हवर ठेवतात, म्हणजे मूल कुठल्याही मशीनवर बसलं तरी नकाशे समोर. सोयीचं वाटतं, पण ड्राइव्ह जोडलेली नसेल त्या दिवशी नकाशेच दिसत नाहीत आणि वर्गाचा तास जातो. आमचा कौल आणून-नेऊन काम करण्यालाच.

नेताना नेहमी पूर्ण फोल्डर न्यावा. सीमॅपटूल्समध्ये संकल्पनेला चित्र, पीडीएफ, व्हिडिओ किंवा दुसरा नकाशा जोडता येतो, चौकटीखाली छोटं चिन्ह दिसतं. ते जोडलेलं साहित्य वेगळी फाइल असते. नुसता नकाशा उचलला तर चिन्ह दिसतं, पण क्लिक केल्यावर काही उघडत नाही. साहित्य डेस्कटॉपवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवून जोडलं असेल तर जोडणी तुटू शकते. आधी साहित्य नकाशाच्या फोल्डरमध्ये, मग जोडणी, हा क्रम मुलांच्या अंगवळणी पाडावा. फाइलींची नावं बदलणं किंवा इकडून तिकडे हलवणं विंडोजच्या एक्सप्लोररमधून न करता सीमॅपच्याच खिडकीतून करावं.

व्हिडिओबद्दल एक हिशेब. ५० एमबीचा व्हिडिओ वीस मुलांनी एकदम उघडला तर १००० एमबी बाहेर जायचे. लॅबचा स्विच १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) असेल तर यजमान मशीनमधून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी निघतात, म्हणजे कमीत कमी ८० सेकंद सगळे नुसते बघत बसतात. नकाशे स्वतः अगदी हलके असतात, भार सगळा जोडलेल्या साहित्याचा. फोटो लहान करून जोडावेत, आणि जमलं तर गिगाबिट (दहापट वेगाचा) स्विच घ्यावा. मशीनला यूपीएस आहे पण स्विच थेट भिंतीच्या सॉकेटवर, हे चित्रही नेहमीचं. लाइट गेली की मशीन चालू आणि नेटवर्क बंद. स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्यावेत, ते वीज फार खात नाहीत.

आणखी तीन गोष्टी, मोठं नुकसान टाळणाऱ्या. नेटवर्कवरून पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते. म्हणून ‘नकाशे’ फोल्डरची प्रत रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर पडलीच पाहिजे. दुसरी, तपासलेला नकाशा ‘जमा’मधून ‘तयार’मध्ये नेताना कट-पेस्ट करू नये, कॉपी करून मूळ पुसावा. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली तर जुन्या फोल्डरच्या परवानग्या तिच्यासोबत राहतात, आणि ‘तयार’मध्ये असूनही मुलं ती बदलू शकतात. तिसरी, लांबलचक मराठी नावं. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि देवनागरीत प्रत्येक काना-मात्रा-अनुस्वार वेगळा मोजला जातो. ‘पाणीटंचाई’ डोळ्यांना पाच अक्षरांचा शब्द, मशीनला नऊ. फोल्डरात फोल्डर, त्यात पूर्ण वाक्याचं नाव, असं झालं की कॉपी अर्धवट थांबते.

सीमॅपचा स्वतःचा सर्व्हर हा पुढचा टप्पा, आणि लॅब सांभाळणारा माणूस जागेवर असेल तर फार चांगला. तो लॅबच्याच मशीनवर चालतो, इंटरनेट लागत नाही. शेअर्ड फोल्डरमध्ये जे मुळीच नाही ते इथे मिळतं: एकच नकाशा दोघा-तिघांना एकाच वेळी उघडून मिळून बदलता येतो, दुसऱ्याचे बदल समोर दिसतात, सोबत गप्पांची खिडकी असते. नकाशाला हात न लावता त्यावर टिपणाची चिठ्ठी लावता येते, एखाद्या संकल्पनेवर चर्चा सुरू करता येते. फोल्डरला नुसतं पाहण्याची, टिपण लावण्याची आणि बदल करण्याची वेगवेगळी परवानगी देता येते. अंबाजोगाई किंवा परभणीसारख्या ठिकाणी डीएलएड, बीएडच्या वर्गात एकमेकांचे नकाशे तपासायचे असतात, तिथे ही टिपणाची सोय सोन्यासारखी. पण एक काळजी घ्यावी लागते. सीमॅपटूल्स प्रत्येक मशीनवर नाव, वापरकर्ता ओळख आणि पासवर्ड विचारतं. लॅब बसवताना घाईत सगळीकडे एकच ओळख भरली जाते, आणि मग कोणी काय बदललं, कोणाची चिठ्ठी, काहीच कळत नाही. गटागणिक वेगळी ओळख द्यावी. नकाशा सेव्ह करतानाच्या चौकटीत लेखकाचं नाव आणि ईमेलही विचारतात आणि ते नकाशासोबत फिरतं. मुलांचे खासगी ईमेल तिथे भरू देऊ नयेत, संस्थेचं नाव पुरेसं. मात्र त्याच चौकटीतला केंद्रप्रश्नाचा (नकाशा ज्या प्रश्नाचं उत्तर देतो त्याचा) रकाना मोकळा सोडू नये. ‘पाणी’ हा विषय झाला, ‘लातूरला रेल्वेने पाणी का आणावं लागलं?’ हा प्रश्न झाला, आणि प्रश्न असेल तर नकाशा भरकटत नाही.

सीमॅप क्लाउड दोन गावांतल्या माणसांसाठी. नांदेडच्या आणि जालन्याच्या शिक्षकांना एकत्र नकाशा करायचा असेल तर दुसरा धड मार्ग नाही. रोजच्या वर्गासाठी मात्र त्यावर विसंबू नये. कोणी ‘माय सीमॅप्स’ गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवायला सुचवतं. एकट्याच्या बॅकअपसाठी ठीक आहे, पण दोन मशीनवर एकाच वेळी बदल झाले तर एकाच नकाशाच्या दोन प्रती उभ्या राहतात, वनड्राइव्ह तर नावापुढे मशीनचं नाव लावून देतो, आणि त्या हाताने जुळवाव्या लागतात. ज्यांना नकाशा फक्त बघायचा आहे, म्हणजे पालक, केंद्रप्रमुख, शेजारची शाळा, त्यांना मूळ फाइल देण्याची गरजच नाही. इमेज काढून व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, फोटो म्हणून पाठवली की बारीक अक्षरं फुटतात.

लॅब नव्याने लावायची तर जून उजाडण्याआधीच लावावी. मागच्या वर्षीचा ‘काम’ फोल्डर बाहेरच्या डिस्कवर हलवून रिकामा करावा, विद्यार्थ्यांच्या खात्याचा पासवर्ड बदलावा, यजमान मशीनचं स्लीप बंद करावं, आणि कुठल्याही एका विद्यार्थ्याच्या मशीनवरून ‘तयार’मधला नकाशा पुसून पाहावा. पुसला गेला तर सिक्युरिटी टॅब पुन्हा उघडावा.